पेलिकनचं घरटं नको, पंगत शोधा

कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात, रिजायनाला वर्षभरापूर्वी राहायला आलेल्या एका ताईंनी विचारलंय: गावाबाहेर ग्रिड रोडच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या, कडेला एका तळ्यात दहा-बारा पांढरे पेलिकन दिसले. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेले तर एकही नाही. काठाकाठाने फेरी मारली, घरटं कुठेच सापडलं नाही. मग ते राहतात कुठे? त्यांच्या वसाहतीजवळ जाऊन फोटो काढता येतील का? आणि दोघातिघांच्या चोचीवर टेंगूळ होतं, तो काही रोग आहे का?

टेंगळाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे काळजी मिटेल. रोग नाही. विणीचा हंगाम जवळ आला की या पेलिकनच्या वरच्या चोचीवर, टोकापासून थोडं मागे, शिंगासारखा चपटा उंचवटा येतो. नरालाही येतो आणि मादीलाही. जगात पेलिकनच्या आठ जाती आहेत, पण हे शिंग फक्त या अमेरिकन पांढऱ्या पेलिकनलाच. अंडी घालून झाली की ते गळून पडतं. त्यानंतर काही दिवसांत डोक्यामागची पिसं काळपट राखाडी होतात. म्हणजे मे महिन्यात शिंग दिसलं तर पक्षी वयात आलेला आहे आणि जोडी जमवण्याच्या बेतात आहे. जूनमध्ये शिंग नाही आणि डोकं काळवंडलेलं, तर त्याचं कुठेतरी घरटं चालू आहे. पंधरा-वीस पक्ष्यांची डोकी दुर्बिणीतून नुसती पाहिली तरी कोण संसारी आणि कोण सडाफटिंग हे बरंचसं कळतं. मी नव्या माणसाला पहिला धडा हाच देतो.

आता घरट्याचं. तुमची फेरी वाया जाणारच होती, कारण पेलिकन जेवतो तिथे राहत नाही. हा पक्षी समजून घ्यायचा तर गोम इथेच आहे.

आपल्याकडच्या पेलिकनची, म्हणजे पाणकोळ्याची किंवा झोळीवाल्याची, कल्पना मनात ठेवून इथे आलं की फसायला होतं. मी स्वतः फसलो होतो. कर्नाटकात मद्दूरजवळ कोक्करे बेल्लूर नावाचं गाव आहे. तिथे राखी झोळीवाले गावातल्या चिंचांवर घरटी करतात. खाली बायका भांडी घासताहेत, पोरं खेळताहेत, वर पिल्लं ओरडताहेत, कोणाला कोणाचं काही नाही. ते पाहून इकडे आलो तेव्हा वाटलं, पेलिकन म्हणजे माणसाळलेला, सोशिक पक्षी. इथला पेलिकन मात्र झाडावर चढत नाही. तो जमिनीवर उथळ खळगं करतो, भोवती माती-काटक्या ओढतो, आणि तेही अशा बेटावर जिथे कोल्हा आणि कायोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद) पोचत नाहीत. पाण्याचा खंदक हेच त्याचं संरक्षण. पाणी आटलं आणि बेट काठाला जोडलं गेलं की वसाहत मोडली म्हणून समजा.

अशी बेटं प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखात, थोडी. ती असतात मोठ्या, बऱ्याचदा खाऱ्या तळ्यांत, आणि खाऱ्या तळ्यात मासा कमी किंवा अजिबात नाही. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं चेस लेक घ्या. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक तिथे आहे. २००० साली तिथे पस्तीस हजारांच्या वर पक्षी मोजले होते. पण तळ्याचं पाणी इतकं क्षारट की त्यात मासाच नाही. मग ते आईबाप शंभर किलोमीटर, कधी त्याहूनही लांब उडून जातात, पोट आणि झोळी भरतात आणि परत येऊन पिल्लांना भरवतात. मासाच लागतो असंही नाही. प्रेअरीच्या डबक्यांत टायगर सॅलॅमँडर नावाचा पालीसारखा दिसणारा, ओल्या कातडीचा प्राणी मुबलक असतो. तो आणि क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी, यांवर चेस लेकच्या कितीतरी पिल्लांची वाढ होते. मच्छीमारांचा मासा पळवतात हा आरोप या पक्ष्यावर शंभर वर्षं आहे. पण पोटातून निघतं ते बहुतेक करून बाजारात किंमत नसलेलं.

तुम्हाला दिसलेले दहा-बारा जण असेच कुठल्यातरी बेटावरून आले असणार, किंवा अजून वयात न आलेले भटके असणार. तुमच्या त्या तळ्याला इथले शेतकरी स्लू म्हणतात. हिमयुग ओसरताना मातीखाली गाडले गेलेले बर्फाचे ढेकूळ वितळले आणि खड्डे पडले, ते हे स्लू. अल्बर्टापासून आयोवापर्यंत सुमारे सात लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या मुलखात, असे लाखो खड्डे आहेत. बहुतेक उथळ, हिवाळ्यात तळापर्यंत गोठणारे. मोठा मासा त्यात टिकत नाही. टिकतात बोटाएवढ्या मिनो, स्टिकलबॅक आणि सॅलॅमँडर. दहा-बारा पेलिकन एका दिवसात असल्या तळ्याचा चांगलाच फडशा पाडतात आणि उठतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तेव्हा पंगत उठून गेलेली होती, इतकंच.

मग वसाहतीजवळ जायचं का? नाही. असं फटकन सांगायला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे माझीच चूक.

२००५ सालचा जून. मी सास्काटूनला येऊन दोनच वर्षं झाली होती. एका ओळखीच्या माणसाकडे मोटारबोट होती, तो म्हणाला, चल, बेट दाखवतो. तळ्याचं नाव सांगत नाही, बेट अजून वापरात आहे. दोन-अडीचशे मीटरवर आम्ही इंजिन बंद केलं. आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं. बेटावर पांढरंशुभ्र, मधूनमधून पाणकावळ्यांचे काळे ठिपके. पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग आमच्या बाजूच्या कडेचे पक्षी उभे राहिले. पेलिकन घाबरला की आधी उभा राहतो, मान ताठ करतो, मग दोन-चार पावलं पाण्याकडे टाकतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आमच्याकडे बघताहेत. पुढच्या अर्ध्या मिनिटात बेटाची ती अख्खी बाजू रिकामी झाली.

आणि त्या रिकाम्या जागेत कुरव, म्हणजे सीगल, उतरले. ते कुठून आले असं विचारायची सोय नाही, ते तिथेच शेजारी घरटी करून होते. मी दुर्बीण लावली. एक कुरव अंड्यावर चोच मारत होता, दुसरा आधीच फुटलेल्या अंड्यातून काहीतरी ओढत होता. नुकती निघालेली पिल्लं बिनपिसांची, नारिंगी, सोललेल्या फळासारखी. डोकं उचलायचीही ताकद नसते त्यांना. त्यांना स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही. आईबाप सावली धरून बसतात म्हणून ती जगतात. वर जूनचं ऊन. आम्ही वल्ही मारत मागे सरकलो, इंजिन लावायचाही धीर होईना. शेवटचा पक्षी परत बसेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत किती गेलं ते मोजलं नाही, आणि त्या दिवशीचा एकही फोटो मी ठेवलेला नाही.

पेलिकन महिनाभर अंडी उबवतो, तीही छातीखाली घेऊन नाही, तर पायाच्या रुंद पडद्यांखाली धरून. दचकून उठला की अंडं लाथाडलं जातंच. अंडी सहसा दोन. दुसरं पिल्लू दोनेक दिवस उशिरा निघतं आणि पहिलं त्याला मारतं किंवा उपाशी ठेवतं. एकच वाढतं. म्हणजे वर्षाची सगळी कमाई एक पिल्लू, तेही सगळं सुरळीत झालं तर. त्यात आपण भर घालायची नसते. चेस लेकला २००४ मध्ये जवळजवळ अठ्ठावीस हजार पक्षी अंडी-पिल्लं टाकून निघून गेले. पुढच्या वर्षी हजारो पिल्लं मेली. वेस्ट नाईल विषाणू, थंड पाऊस, शिकारी जनावरं, बरीच नावं घेतली गेली, पण २००४ चं एकच एक कारण म्हणून बोट कशावरही ठेवता आलं नाही. एवढी मोठी वसाहतही इतकी हळवी असते. सास्काचेवानात बऱ्याच बेटांवर हंगामात पाय ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. नसती, तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं.

या पक्ष्याचं पूर्वी काय झालं होतं तेही ऐकून ठेवा. १९०८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चेस लेक राखीव केलं तेव्हा तिथे उरले होते जेमतेम पन्नास. पिसांसाठी आणि निव्वळ गंमत म्हणून गोळ्या घालत. कॅनडात १९७८ मध्ये त्याला धोक्यातल्या जातींत टाकलं होतं, १९८७ मध्ये त्या यादीतून काढलं. आज तुम्हाला रस्त्याकडेला सहज दहा-बारा दिसतात, ते आपोआप झालेलं नाही.

तर घरटं सोडा, पंगत शोधा. जेवणारा पेलिकन माणसाला फारसा भीत नाही, आणि बघण्यासारखं जे काही आहे ते तिथेच आहे.

सगळ्यात सोपी जागा आमच्या सास्काटूनचा वीअर, म्हणजे साउथ सास्काचेवान नदीवरचा बुटका बंधारा, रेल्वेपुलाच्या पायथ्याशी. रिजायनाहून अडीच-तीन तासांचा रस्ता, पण एकदा याच. एप्रिलच्या मध्यावर नदी मोकळी झाली की ते येतात. पहिला पेलिकन कोणत्या तारखेला उतरणार यावर गावात दरवर्षी अंदाज बांधायची स्पर्धा असते, आणि ऑफिसातली पक्ष्यांशी काही देणंघेणं नसलेली माणसंही त्यावर हिरिरीने बोलतात. बंधाऱ्याखाली पाणी उकळल्यासारखं घुसळतं. वर चढू पाहणारे मासे तिथे अडकतात, गोंधळतात. पेलिकन त्या फेसाच्या कडेला आपापली जागा धरून असतो. कठड्यापासून वीस-तीस मीटरवर. एवढ्या जवळून हा पक्षी दुसरीकडे क्वचितच मिळेल.

एकच पक्षी निवडा आणि पंधरा मिनिटं त्यालाच बघा. पाण्यात चोच घालतो तेव्हा खालच्या चोचीच्या दोन्ही काड्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि झोळी गळासारखी नाही, पागासारखी पसरते. चोच वर येते तेव्हा त्यात दहा-अकरा लिटर पाणी असू शकतं. एवढं ओझं घेऊन मान उचलता येत नाही. म्हणून तो चोच खाली, छातीकडे दाबून धरतो आणि पाणी कडांनी निथळू देतो. त्या वेळी झोळीच्या पातळ कातडीतून आतला मासा फडफडताना दिसतो, ऊन मागून असेल तर त्याच्या शेपटीचा आकारसुद्धा. बाजूला एखादा कुरव टपून असतोच. पाणी संपलं की झटक्यात चोच आभाळाकडे, आणि मानेतून गाठ खाली सरकत जाते. मासा मोठा असला तर दोन-तीनदा उचक्या दिल्यासारखं करतो. चोच उघडून झोळी मानेच्या मणक्यांवर उलटी ताणतो तेव्हा तर घशात काहीतरी अडकून पक्षी मरतोय असंच वाटतं. काही नाही, तो आळोखेपिळोखे देतोय. यावरून घाबरून मला फोन केलेली माणसं आहेत.

वीअरवर प्रत्येक जण आपल्यापुरता असतो. उथळ तळ्यात मात्र खरी मजा. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल तर वेगळं समजावायला नको. जाळ्याचा अर्धगोल, दोन्ही टोकं किनाऱ्याकडे, आणि मासा मधे. पेलिकन तेच करतात, फक्त जाळं म्हणजे ते स्वतः. आठ-दहा-वीस जण अर्धवर्तुळात येतात, पंख आपटत, पाय मारत, मासा उथळाकडे रेटत. कडा जवळ आली की सगळ्यांच्या चोचा एका क्षणी पाण्यात. मग एका क्षणी वर. एखाद-दुसरा ताल चुकवतो, तो बहुधा पहिल्या वर्षाचा. समुद्रकाठचा तपकिरी पेलिकन उंचावरून सूर मारतो तसा हा कधीच मारत नाही. त्यामुळे फार खोल पाणी याच्या कामाचं नाही. स्लूवर हे बघायचं असेल तर जुलै अखेर ते ऑगस्ट. पाणी आटून मासा एकवटलेला असतो.

तुमच्या जवळच्या जागा म्हणाल तर वास्काना तळ्यावरही ते उतरतात. लास्ट माउंटन लेकचं उत्तर टोक मला त्याहून आवडतं. १८८७ मध्ये राखीव झालेलं ते उत्तर अमेरिकेतलं पहिलं सरकारी पक्षी अभयारण्य. एखादा सबंध दिवस काढून जा. विनिपेगला कोणी पाहुणे असतील तर रेड नदीवरचं लॉकपोर्टचं धरण चुकवू नका.

स्लू कोणता निवडायचा, याला माझी पद्धत अशी की पाण्याकडे बघायचंच नाही, आधी आभाळाकडे बघायचं. सहा-सात किलो वजन आणि नऊ फूट पंखांचा पसारा घेऊन लांब जायचं तर पंख मारत जाणं परवडत नाही. सकाळी नऊ-दहाला जमीन तापली, उन्हाच्या हवेचे झोत वर जायला लागले की ते त्यावर घिरट्या घेत चढतात आणि मग घसरत पुढच्या झोतावर जातात. तेव्हा दहाच्या सुमाराला एखाद्या चढावर गाडी थांबवा. दूर आभाळात पांढरा थवा दिसेल, वळला की नाहीसा होईल, पुन्हा वळला की चमकेल. नवखा माणूस म्हणतो, गेले. थांबायचं, पुन्हा दिसतात. कुठल्या दिशेला घसरताहेत ते बघून नकाशावर पुढचं पाणी शोधा. दहात चार वेळा तरी सापडतात.

उंचावरच्या पांढऱ्या पक्ष्यांत गफलत होते. पेलिकनच्या पंखांची मागची कड आणि टोकं काळी, मान मागे दुमडून खांद्यात घेतलेली, चोच छातीवर टेकलेली. स्नो गूज या पांढऱ्या रानटी गूजची फक्त टोकं काळी, तो लहान आणि सतत पंख मारणारा, शिवाय बडबड्या. पेलिकन वसाहतीबाहेर जवळजवळ मुका असतो. हंसाला काळं नाहीच. मान पुढे आणि लांब पाय मागे ताणलेले, टोकं काळी, असा उंच पांढरा पक्षी एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसला तर मात्र पेलिकन विसरा आणि गाडी बाजूला घ्या. तो हूपिंग क्रेन हा दुर्मिळ क्रौंच असेल, आणि त्यासाठी लोक जगभरातून सास्काचेवानला येतात.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. स्कोप असला तर उत्तम, पण दुपारी पाण्यावरची हवा थरथरते आणि साठ पट मोठं केलेलं चित्र उकळत्या पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याला सांगावं लागतं की पक्षी पांढरा आहे. काळ्या पाण्यावर तो हमखास जास्त उजेड घेतो आणि पिसं नुसता चुना होऊन येतात. एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी कमी ठेवा. वीअरवर शहराच्या बाजूच्या काठावरून दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो.

ग्रिड रोडवर गाडीसारखं लपण नाही. इंजिन बंद करा, काच खाली करा, आत बसून राहा. दार उघडून पाय खाली टाकलात की पक्षी उठलेच. पाऊस पडून गेला असेल तर कच्च्या रस्त्यावर शिरू नका. रिजायनाभोवतीची गंबो माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकट, चाक भरलं की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. मे-जूनमध्ये गवतात चालून आलात तर मोज्यांत गोचिडी तपासा. आणि कुंपण नसलं तरी शेत कोणाचंतरी असतं. २०२२ पासून इथे मालकाची आधी परवानगी घेतल्याशिवाय आत जाणं हा गुन्हा आहे. विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट कुठल्या स्लूवर काल पेलिकन होते ते सांगतात. मला मिळालेली निम्मी ठिकाणं अशीच, फाटकाशी उभं राहून मिळालेली.

ऑगस्टमध्ये काठावर मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, कुत्र्याला जाऊ देऊ नका. उथळ तळ्यांत उन्हाळ्याअखेर पक्ष्यांना बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाची बाधा, होतो, आणि २०२२ पासून बर्ड फ्लूही आहे. जागा टिपून प्रांताच्या वन्यजीव खात्याला कळवा.

यंदाचं म्हणाल तर ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुमच्या त्याच तळ्यावर पुन्हा जा. तेव्हा नुकती उडायला शिकलेली पिल्लं आलेली असतील. चोच फिकट, डोक्यावर मळकट करडी झाक. ती मोठ्यांच्या अर्धवर्तुळात घुसतात, चुकीच्या वेळी चोच मारतात, शेवाळ उचलतात, काडी उचलतात, झोळीतून पाणी निथळवून मोठ्या गांभीर्याने काडी गिळायला बघतात. तासभर बसलात तर एखादा पहिला मासा मिळालेला दिसेल. सकाळी लवकर या, थर्मासात चहा आणा, आणि गाडीची काच निघण्याआधी आतून नीट पुसून घ्या.